जीपीएस ‘गंडलं’ म्हणजे नेमकं किती गंडलं? रेडिओ अडथळा मोजायचा कसा, ते समजून घेऊया

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दिल्ली विमानतळाच्या दोन बातम्या एकदमच आल्या आणि व्हॉट्सअॅपवर त्यांची खिचडी झाली. एक बातमी होती विमानांच्या जीपीएसला खोटे सिग्नल मिळत असल्याची. दुसरी होती एअर ट्रॅफिक कंट्रोलची संदेश पाठवणारी यंत्रणा बंद पडल्याची, ज्यामुळे ७ नोव्हेंबरला शेकडो विमानं रखडली. दुसरी भानगड जमिनीवरच्या सॉफ्टवेअरची होती, उपग्रहांशी तिचा संबंध नव्हता. पण फॉरवर्ड करणाऱ्यांनी ‘जीपीएस हॅक झालं, म्हणून विमानं थांबली’ असं एकच वाक्य करून टाकलं.

१ डिसेंबर २०२५ ला नागरी हवाई वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिलं, तेव्हा चित्र थोडं स्पष्ट झालं. दिल्लीच्या १० नंबरच्या रनवेवर जीपीएसच्या आधारे उतरणाऱ्या काही विमानांनी स्पूफिंगची तक्रार केली होती. बाकीच्या रनवेवर जमिनीवरची पारंपरिक उपकरणं चालू होती, तिथे काम बिघडलं नाही. असे अडथळे कोलकाता, अमृतसर, मुंबई, हैदराबाद, बंगळुरू आणि चेन्नईतूनही कळवले जातात, हेही त्याच उत्तरात होतं. त्याआधी मार्च २०२५ मध्ये आपल्या पुण्याचे खासदार आणि याच खात्याचे राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत एक आकडा दिला होता: नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, जीपीएस अडथळ्याच्या ४६५ घटना.

बहुतेक बातम्या या ४६५ वर येऊन थांबल्या. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहतो पुनावळ्यात, आणि दिवसभर लॉग फाइल्स वाचणं हेच माझं काम. त्यामुळे माझा पहिला प्रश्न हा होता की हा आकडा नेमकं काय मोजतो? तो मोजतो तक्रारी. अडथळा किती जोराचा होता, किती वेळ टिकला, रिसीव्हरवर किती परिणाम झाला, यातलं काहीच त्यातून कळत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये डीजीसीएने असा प्रकार दिसल्यावर १० मिनिटांच्या आत कळवायचा नियम केला. आता पुढच्या वर्षी आकडा वाढला, तर अडथळे वाढले की कळवणारे वाढले? फक्त तक्रारी मोजून हे सांगता येणार नाही. त्यासाठी अडथळाच मोजावा लागतो. तो कसा मोजतात, हे या लेखात पाहू.

सिग्नल मुळातच किती बारीक असतो

जीपीएसचे उपग्रह आपल्या डोक्यावर सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून निघालेला सिग्नल आपल्या फोनपर्यंत येतो तेव्हा त्याची ताकद साधारण उणे १३० डीबीएम उरते. एका वॉटचे एक अब्ज तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याचे परत एक कोटी तुकडे करा. त्यातला एक तुकडा म्हणजे तुमच्या वाट्याला आलेलं जीपीएस.

हा सिग्नल आजूबाजूच्या नैसर्गिक रेडिओ नॉइजच्याही खाली दबलेला असतो. लग्नाच्या मांडवात डीजे चालू असताना पलीकडच्या टोकाचा माणूस कुजबुजतोय, असं समजा. तरी फोनला तो ऐकू येतो, कारण तो माणूस काय बोलणार हे फोनला आधीच पाठ असतं. प्रत्येक उपग्रहाचा ठरलेला कोड आहे. त्याच्याशी ताडून ताडून फोन तेवढीच कुजबुज वेगळी काढतो.

आता कोणी १ वॉटचा जॅमर १ किलोमीटरवर लावला आणि मध्ये काही आडवं नसेल, तर त्याची ताकद तुमच्या फोनपाशी जीपीएसच्या सुमारे २५ लाख पट भरते. वॉटच्या शंभराव्या भागाचा जॅमर १०० मीटरवर असेल, तरी हिशोब तोच. म्हणून सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटासा डबा पुरे होतो. अमेरिकेत एका ट्रकचालकाने मालकाला आपला ट्रक दिसू नये म्हणून असाच डबा लावला होता. नेवार्क विमानतळाच्या जीपीएस आधारित लँडिंग यंत्रणेत त्याने अडथळा आला आणि २०१३ मध्ये तिथल्या एफसीसीने त्याला ३१,८७५ डॉलरचा दंड ठोठावला. त्याला विमानतळाशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याला फक्त मालकाचा ट्रॅकर बंद पाडायचा होता.

मोजायचा आकडा: सी-बाय-एन-नॉट

नकाशावरचा निळा ठिपका बघून जीपीएसची तब्येत कळत नाही, हे आधी पक्कं करूया. तो ठिपका वायफाय, मोबाइल टॉवर आणि फोनमधले मोशन सेन्सर यांची मदत घेऊन काढलेला असतो. जीपीएस पूर्ण मेलं तरी ठिपका काही वेळ शहाण्यासारखा चालत राहतो.

खरा आकडा म्हणजे सी-बाय-एन-नॉट. एका हर्ट्झमधल्या नॉइजच्या तुलनेत उपग्रहाचा सिग्नल किती वर आहे, हे तो सांगतो. त्याचं एकक डीबी-हर्ट्झ. उघड्या आकाशाखाली चांगल्या उपग्रहांचा आकडा ४० ते ४५ च्या आसपास असतो. खिडकीजवळ तो ३० च्या आगेमागे येतो आणि २० च्या खाली गेला की साध्या फोनला सिग्नल धरून ठेवणं अवघड जातं.

अडथळा वाढेल तसा हा आकडा कसा पडतो, याचं गणित ठरलेलं आहे. जीपीएसच्याच फ्रिक्वेन्सीवरचा अडथळा सिग्नलच्या १०० पट असेल, तर ४४ चा आकडा ३९ च्या आसपास येतो. १,००० पट असेल तर ३०, आणि १०,००० पट असेल तर २०. म्हणजे शंभर पट गोंगाटातही फोन बऱ्यापैकी चालतो. वरच्या उदाहरणातले २५ लाख पट मात्र त्याच्या पार आवाक्याबाहेर.

प्रयोगशाळेत हेच शिस्तीत करतात. रिसीव्हरला केबलमधून किंवा बाहेरच्या लहरी आत येऊ न देणाऱ्या बंद खोलीत कृत्रिम उपग्रह सिग्नल देतात. सोबत अडथळा एक एक पायरीने वाढवत नेतात आणि चार गोष्टी लिहून ठेवतात: आकडा १ डीबीने कधी पडला, जागा चुकायला कधी लागली, सिग्नल पूर्ण कधी सुटला, आणि अडथळा थांबवल्यावर परत सापडायला किती वेळ लागला. शेवटची नोंद महत्त्वाची, कारण हातात असलेला सिग्नल धरून ठेवणं सोपं असतं आणि सुटलेला नव्याने शोधणं त्यापेक्षा बरंच कठीण. ज्या गोंगाटात चालू असलेला फोन तग धरतो, त्याच गोंगाटात नुकताच सुरू केलेला फोन जागा शोधत बसतो.

यातल्या पहिल्या नोंदीवरून अमेरिकेत वर्षानुवर्षं भांडण चाललं. लाइटस्क्वेअर्ड, नंतरची लिगाडो, या कंपनीला जीपीएसच्या शेजारच्या बँडमध्ये मोबाइल नेटवर्क उभारायचं होतं. जीपीएसवाल्यांचं म्हणणं, १ डीबीची घट हीच मर्यादा धरा. १ डीबी घट म्हणजे नॉइज सुमारे २६ टक्क्यांनी वाढलं. कंपनीचं म्हणणं, जागा चुकत नसेल तर १ डीबीने काय बिघडतं? अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०१६ मध्ये व्हाइट सँड्स इथे ८० रिसीव्हर ठेवून चाचण्या घेतल्या. त्यानंतरही २०२० मध्ये एफसीसीने लिगाडोला परवानगी दिली आणि वाद चालूच राहिला. पण निदान दोन्ही बाजूंच्या हातात आकडे होते आणि भांडण कुठली रेषा धरायची यावर होतं.

नॉर्वेत तर दरवर्षी सप्टेंबरमध्ये आन्दोया बेटावर ‘जॅमरटेस्ट’ भरतो. सरकारी देखरेखीखाली खरेखुरे जॅमर चालू करतात आणि जगभरच्या कंपन्या आपापली उपकरणं घेऊन येतात, आपलं यंत्र कुठे कोलमडतं ते उघड्यावर बघायला.

बिल्डिंग, जॅमर की स्पूफर?

आकडा पडला म्हणजे लगेच जॅमर आहे असं नाही. इथे दुसरा एक आकडा कामाला येतो: एजीसी, म्हणजे आत येणाऱ्या लहरींचा आवाज आपोआप कमी-जास्त करणारं रिसीव्हरमधलं बटण. बाहेर गोंगाट वाढला की रिसीव्हर हे बटण खाली ओढतो. दोन आकडे एकत्र वाचले की फरक कळू लागतो.

बिल्डिंग किंवा पूल आडवा आला, तर त्या बाजूच्या उपग्रहांचे आकडे पडतात आणि एजीसी साधारण जागेवरच राहतो. जॅमर असेल, तर सगळ्या दिशांच्या उपग्रहांचे आकडे एकाच वेळी पडतात आणि एजीसीही खाली येतो. स्पूफर, म्हणजे खोटे सिग्नल पाठवणारा, जास्त लबाड. त्याच्यामुळे आकडे पडत नाहीत, उलट छान दिसतात. एजीसी मात्र खाली गेलेला असतो, क्षितिजाजवळच्या आणि डोक्यावरच्या उपग्रहांची ताकद संशयास्पदरीत्या सारखी येते, घड्याळ एकदम उडी मारतं आणि जीपीएसची जागा टॉवर-वायफायच्या जागेशी जुळत नाही. म्हणजे स्पूफिंगमध्ये ‘सिग्नल फुल आहे’ ही खूणच फसवी ठरते. वैमानिकांना त्याची जास्त काळजी वाटते ती यामुळे.

पुनावळ्यात मोजून पाहिलं

हे सगळं आपल्या भागात कसं दिसतं, ते बघायला मी अँड्रॉइड फोनवर जीपीएसटेस्ट आणि जीएनएसएस लॉगर ही दोन अॅप घेतली. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, फोन उपग्रहांची कच्ची मोजमापं अॅपला देऊ शकतो. गच्चीवर आकडे ४० च्या वर होते. हायवेच्या अंडरपासमध्ये बहुतेक उपग्रह गायब झाले आणि एजीसी फारसा हलला नाही. म्हणजे तिथला दोष काँक्रीटचा. तिथे भेटलेले एका कंपनी कॅबचे ड्रायव्हर म्हणाले, ‘‘सर, पुलाखाली हे रोजच गंडतं, त्याचं टेन्शन नाही. पण कधीकधी मोकळ्या रोडवर पण गाडी अॅपमध्ये हलतच नाही, आणि ऑफिसवाले मला विचारतात गाडी कुठे थांबवली.’’

मोकळ्या रस्त्यावरच्या या त्रासाचं एक कारण अगदी जवळ सापडलं. मित्राच्या गाडीत एक स्वस्त डॅशकॅम होता. गाडी मोकळ्या जागेत उभी केली, फोन डॅशबोर्डवर ठेवला आणि दहा-दहा मिनिटं डॅशकॅम चालू, बंद, चालू, बंद असं केलं. चालू असताना सगळ्याच उपग्रहांचे आकडे ६-७ डीबीने खाली आले. फोन हातभर लांब मागच्या सीटकडे नेला की परत वर. म्हणजे हा छोटा, नकळत तयार झालेला जॅमरच. एका फोनवरून आणि एका डॅशकॅमवरून कंपन्यांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. पण स्वस्त चार्जर, डॅशकॅम, नीट शिल्डिंग नसलेल्या केबली हे जीपीएसजवळ गोंगाट करतात, हे जाणकारांना जुनंच माहीत आहे.

तुम्हाला असं मोजायचं असेल तर एक युक्ती सांगतो. जीपीएसचे उपग्रह साधारण २३ तास ५६ मिनिटांनी आकाशात परत त्याच जागी येतात. त्यामुळे दोन दिवसांची तुलना करताना दुसऱ्या दिवशी ४ मिनिटं आधी मोजा. आकाश तेच असेल, मग फरक पडला तर तो जमिनीवरच्या कशाचा तरी.

आपल्या पट्ट्यात याने काय अडतं

हिंजवडी, तळवडे, चाकण, म्हाळुंगे या पट्ट्यात चोवीस तास गाड्या पळतात. चाकणहून सुटे भाग घेऊन निघालेला ट्रक असो की रात्री अकराच्या शिफ्टची कॅब, प्रत्येकात ट्रॅकर आहे. २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीची कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने हत्या केली. ती घटना आपल्या शेजारच्या गहुंजेत घडली होती. त्यानंतर कंपन्यांच्या कॅबमधले सुरक्षेचे नियम कडक होत गेले. पुढे प्रवासी वाहनांसाठी एआयएस-१४० हे मानक आलं, ज्यात ट्रॅकर आणि पॅनिक बटण दोन्ही आहेत. अशा उपकरणांची तपासणी करणाऱ्या संस्थांत आपल्या पुण्याची एआरएआयही आहे.

आता विचार करा. रात्री दोन वाजता कॅबचा ट्रॅकर गप्प झाला. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला स्क्रीनवर दिसतं ‘नो फिक्स’. गाडी अंडरपासमध्ये आहे, सोसायटीच्या बेसमेंटमध्ये आहे, की कोणी मुद्दाम जॅमर लावलाय? तीनही वेळा स्क्रीनवर तेच दोन शब्द. रोज पुलाखाली शंभर गाड्या गप्प होत असतील, तर एकशे एकाव्या गाडीकडे कोण लक्ष देणार?

ट्रॅकरने जागेसोबत सी-बाय-एन-नॉट आणि एजीसी हे दोन आकडे पाठवले, तर हा फरक बराचसा आपोआप पडू शकतो. रिसीव्हरच्या चिपकडे ते आकडे बहुतेक वेळा असतातच, फक्त पुढे पाठवायचे आहेत. काही बाइट जास्तीचा डेटा, बास. माझ्या मते एआयएस-१४० च्या पुढच्या सुधारणेत हे यायला हवं. शिवाय अडथळा जागेपुरताच नसतो. ५जी टॉवरना एकमेकांशी वेळ साधारण दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळवावी लागते, आणि ती बऱ्याचदा उपग्रहांकडूनच घेतली जाते.

‘नाविक’ आहे ना, मग?

कमेंटमध्ये हे हमखास येतं, म्हणून आधीच सांगतो. नाविक हवंच, पण ते जॅमरवरचं औषध नाही. नाविकचा एल५ सिग्नल ११७६.४५ मेगाहर्ट्झवर आहे आणि जीपीएसचा एल५ही तिथेच. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून नाविकमध्ये एल१ आला, तोही १५७५.४२ च्याच शेजारात. जॅमरला उपग्रह कुठल्या देशाचा आहे याच्याशी घेणंदेणं नसतं. तो फ्रिक्वेन्सी बंद पाडतो. फायदा होतो तो दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी वापरण्याचा: फक्त एल१ जॅम झाला तर एल५ वर गाडी चालू राहू शकते. म्हणून फोन घेताना एल१ सोबत एल५ आहे का, ते स्पेसिफिकेशनमध्ये बघा.

मोजायची सवय आपल्याकडे आहे

रेडिओ अडथळा गांभीर्याने घेणं आपल्याला नवीन नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण आहे. तिथले शास्त्रज्ञ आजूबाजूचा रेडिओ गोंगाट सतत मोजतात. गंमत म्हणजे जीपीएसचे एल२ आणि एल५ सिग्नल त्यांच्या वरच्या बँडमध्ये पडतात, म्हणजे आपला सिग्नल त्यांच्यासाठी गोंगाट! पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ मार्ग या दुर्बिणीच्या जवळून जात होता. निरीक्षणात अडथळा येईल म्हणून तो मार्ग बदलायचं ठरलं. रेल्वे हवी असलेल्या गावांना ते आवडलं नाही, आणि त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे. पण रेडिओ शांततेला किंमत असते, हे सरकारने तिथे मान्य केलं.

विमानांच्या बाबतीतही थोडी सोय आहे. जीपीएसजॅम ही वेबसाइट विमानंच आपल्या जागेची खात्री किती आहे म्हणून जे प्रसारित करतात, ते वापरून रोजचा नकाशा काढते. एखाद्या भागातल्या १० टक्क्यांहून जास्त विमानांची खात्री घसरली तर तो षटकोन लाल. जमिनीवर, हायवेवर, एमआयडीसीत असा नकाशा लोकांसमोर नाही. दिल्लीच्या वेळी स्रोत शोधायचं काम दूरसंचार खात्याच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे दिलं गेलं. पण जे लोकांना दिसलंच नाही, ते कळवणार कोण?

तुम्ही काय करू शकता

१. फोनच्या डेव्हलपर ऑप्शनमध्ये ‘फोर्स फुल जीएनएसएस मेजरमेंट्स’ चालू करा आणि जीपीएसटेस्टमध्ये रोजच्या रस्त्याचे आकडे एकदा बघून ठेवा. नेहमीचं माहीत असेल तरच वेगळं ओळखता येतं. काही फोन एजीसी दाखवत नाहीत, तेव्हा फक्त सी-बाय-एन-नॉट बघा.

२. गाडीत जीपीएस गंडत असेल, तर आधी चार्जर आणि डॅशकॅम एकेक करून बंद करून पाहा. बरेचदा चोर घरातलाच असतो.

३. मोकळ्या रस्त्यावर ठरावीक ठिकाणी सगळ्या दिशांचे उपग्रह एकदम पडत असतील, तर वेळ, जागा आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि कंपनीच्या ट्रान्सपोर्ट टीमला दाखवा. ‘जीपीएस चालत नाही’ हे त्यांनी हजार वेळा ऐकलेलं असतं. ‘सगळे उपग्रह ४२ वरून २२ वर आले, रोज रात्री याच फाट्यावर’ असं सांगितलं, तर त्यांना शोधायला जागा मिळते.

४. ‘प्रयोग म्हणून’ ऑनलाइन जॅमर मागवू नका. दूरसंचार खात्याने जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय की केंद्र सरकारची खास परवानगी नसेल तर मोबाइल जॅमर, जीपीएस ब्लॉकर वापरणं बेकायदेशीर आहे. तुमच्या खोलीतला तो डबा खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या अॅम्ब्युलन्सचाही नकाशा बंद करू शकतो.

पुढच्या वेळी संसदेत अशा घटनांचा नवा आकडा येईल, तेव्हा त्यासोबत दोन गोष्टी विचारा: मोजला कसा, आणि रिसीव्हरवर परिणाम किती डीबीचा झाला? आणि रात्रीच्या कॅबने घरी येणाऱ्या घरातल्या कोणासाठी तिसरी गोष्ट त्यांच्या कंपनीला विचारा: ट्रॅकर गप्प झाला, तर तुम्हाला कारण कळतं का?